एआयने लिहिलेल्या इतिवृत्तात ‘पावणेदोन लाख’ चुकत असल्यास : माझा अनुभव

विभागाच्या आढावा बैठकीचे इतिवृत्त एआयकडून तयार करून घेताना ‘पावणेदोन लाख’ ही रक्कम दर वेळी २,७५,००० अशी उमटत होती. सूचना सविस्तर लिहिली, दुसरे साधनही वापरले. गुण आला नाही. सहकाऱ्यांसमोर त्याच दुरुस्त्या वाचून मी मेटाकुटीला आलो होतो.

अखेर प्रथम ध्वनिमुद्रणाचा केवळ शब्दशः मजकूर मागवला आणि रकमा अक्षरांतच ठेवण्यास सांगितले. नंतर सव्वा, दीड, पावणेदोन, अडीच यांच्या किमती (पावणेदोन लाख म्हणजे १,७५,०००) सूचनेच्या आरंभी लिहून दिल्या. मगच इतिवृत्त मागितले आणि प्रत्येक रकमेशेजारी बैठकीतील मूळ वाक्य जसेच्या तसे ठेवायला लावले, कारण चूक राहिलीच तर ती तिथे लगेच नजरेस पडते. सही करण्यापूर्वी ती रक्कम ज्यांनी सांगितली, त्यांच्याकडून ती ओळ तपासून घेतो.