गल्लीतल्या मांजरांची नसबंदी: सगळ्यांनी मिळून कशी उरकायची

सांगलीच्या मार्केट यार्डातले गाळे असोत नाहीतर गावभागातले जुने वाडे, उंदीर आहेत तिथे मांजरं असणारच. पोत्यात घालून ती नदीपलीकडे सोडून यायची पद्धत व्यर्थ आहे. खाणं आणि आडोसा जागेवरच राहतो, त्यामुळे रिकाम्या जागी दुसरी मांजरं येतात. शिवाय अन्नपाण्यावाचून हाल होतील अशा ठिकाणी जनावर टाकून देणं हा १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याने गुन्हा आहे. टिकणारा मार्ग एकच: पकडायचं, नसबंदी करायची, कानाला खूण करायची आणि उचललं तिथेच परत सोडायचं.

हे एकट्यादुकट्याचं काम नाही. भाटी, म्हणजे मादी मांजर, चार-पाच महिन्यांची झाली की माजावर येऊ शकते, साधारण ६३ ते ६५ दिवसांत विते, आणि अंगावर पिल्लं असतानाच पुन्हा गाभण राहू शकते. दहातल्या दोन भाट्या सुटल्या तरी संख्या पुन्हा पहिल्यावर येऊ शकते. म्हणून एक गल्ली पुरी करावी, मगच पुढची घ्यावी.

सुरुवात पिंजऱ्याने नको, वहीने करा. खाऊ घालणारे कोण कोण आहेत ते आधी शोधा. बहुतेक गल्ल्यांत असे तीन-चार जण निघतात आणि प्रत्येकाला वाटतं, आपणच एकटे घालतो. प्रत्येक मांजराचा मोबाइलवर फोटो, एक नंबर, रंग, शेपटी, आणि कळलं तर नर-मादी. मोठी गालफडं दिसली तर बहुधा बोका. काळा, पांढरा आणि भगवा असे तिन्ही रंग असतील तर जवळजवळ नक्की भाटी.

मग खाण्याची वेळ एक करा. दिवसाउजेडी, रोज त्याच जागी. अर्ध्या तासात उरलेलं उचलायचं, नाहीतर कुत्री आणि घुशी येतात आणि शेजाऱ्यांची तक्रार सुरू होते, जी खरं सांगायचं तर रास्तच असते. मोठ्या मांजराला कोरडं खाणं दिवसाला ५० ते ६० ग्रॅम पुरतं. दूध नको, बहुतेक मोठ्या मांजरांना त्याने जुलाब होतात. कांदा-लसूण घातलेलं कालवण आणि शिजवलेली हाडंही नकोत. पाणी मात्र चोवीस तास हवं.

उंदराचा पिंजरा इथे चालत नाही. फॅब्रिकेशनवाल्याकडून साधारण ३० ते ३६ इंच लांब आणि १२ इंच रुंद-उंच पिंजरा करून घ्या. लांबी कमी पडली तर दार शेपटीवर किंवा पाठीवर पडतं. जाळी एक इंचाच्या आतली, आतल्या कडा घासून घेतलेल्या, आणि मागच्या बाजूला सरकतं दार. रिकाम्या पिंजऱ्याचं वजन त्यावरच रंगाने लिहून ठेवा. मांजरासकट वजन केलं की भुलीचा डोस ठरवायला डॉक्टरांना नेमका आकडा मिळतो.

शस्त्रक्रियेची तारीख आणि किती मांजरं घेणार, हे पकडण्याआधी ठरलेलं असावं. डॉक्टरांशी तीन गोष्टी स्पष्ट बोला: टाके आत विरघळणारे हवेत, कारण हे जनावर टाके काढायला पुन्हा हाती लागणार नाही, भुलीतच डाव्या कानाचं टोक साधारण एक सेंटिमीटर सरळ कापायचं, म्हणजे लांबून ओळखता येतं, आणि रेबीजची लस त्याच वेळी टोचायची. सातारा जिल्ह्यात शिरवळला पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे. खंडाळा-वाईकडच्यांनी तिथे चौकशी करावी.

पकडण्याआधी चार-पाच दिवस पिंजऱ्याचं दार तारेने उघडं बांधून खाणं आतच ठेवा. आदल्या दिवशी सगळ्यांनी खाणं बंद ठेवायचं. मोहीम फसते ती इथेच: एखाद्या आजींना दया येते, त्या रात्री गुपचूप भात-मासे घालतात आणि पोट भरलेलं मांजर पिंजऱ्याकडे बघतही नाही. म्हणून निरोप घरोघर जाऊन द्या, फक्त ग्रुपवर टाकून भागत नाही. आमिष म्हणून भाजलेली सुकट किंवा तळलेला बांगडा चिमूटभर, पायपट्टीच्या (पाय पडला की दार पाडणाऱ्या पट्टीच्या) पलीकडे, कागदावर. खाली वर्तमानपत्र अंथरा. दार पडलं की लगेच जाड चादर टाका. अंधार झाला की धडपड थांबते. लावलेला पिंजरा सोडून कुणी जायचं नाही. हात आत घालायचा नाही. चावलंच तर जखम साबण लावून वाहत्या पाण्याखाली १५ मिनिटं धुवायची आणि त्याच दिवशी सरकारी रुग्णालयात रेबीजची लस सुरू करायची.

स्तनं भरलेली भाटी सापडली तर डॉक्टरांना तसं सांगा, आणि पूर्ण शुद्धीवर आली की तिला लवकर सोडा, पिल्लं वाट बघत असतात. दोन-तीन महिन्यांच्या पिल्लांना मोठ्यांसारखं रात्रभर उपाशी ठेवू नका, साखर उतरून ती गार पडतात.

शस्त्रक्रियेनंतर बोका २४ तास, भाटी ४८ तास पिंजऱ्यातच, बंद खोलीत, पंखा बंद. भुलीतून उठताना अंग थंड पडतं, म्हणून थेट फरशीवर ठेवू नका. खाली वाळू नको, ती जखमेत जाते. फाडलेले कागद चालतात. पूर्ण जागं झाल्यावर थोडं खायला द्या. रक्त येत असेल, टाका उघडला असेल किंवा २४ तासांत तोंडच लावलं नाही, तर सोडायचं नाही, डॉक्टरांना दाखवायचं. माणसाची पॅरासिटामॉल कधीच नाही, एका गोळीनेही मांजर दगावतं.

सोडताना पिंजऱ्याचं तोंड रस्त्याकडे नव्हे, भिंतीकडे. नसबंदीनंतर बोक्याकडून काही आठवडे गर्भधारणा होऊ शकते, त्यामुळे मधेच एखादी भाटी गाभण दिसली तर लगेच डॉक्टरांना बोल लावू नका.

हे सगळं पावसाळ्याआधी उरका. कृष्णेवरच्या आयर्विन पुलाजवळ पाणी ४० फुटांच्या इशारा पातळीला टेकलं की माणसांचीच हलवाहलव सुरू होते, मग पिंजऱ्यातल्या जनावराकडे कोण बघणार? गाळेवाल्यांशीही दोन गोष्टी बोलून घ्या. गोदामात उंदरांचं विष ठेवलं तर ते खाल्लेला उंदीर मांजर खातं आणि तेही मरतं, म्हणून सापळे लावा. फिनेलने पुसलेली फरशी पाण्याने धुऊन वाळल्याशिवाय मांजराला तिथे फिरकू देऊ नका. पाय चाटताना ते पोटात जातं.