निसर्गाच्या सहवासात ख्रिस्ती श्रद्धा शिकवताना या चुका टाळा

उन्हाळी सुट्टीतील बायबल शाळेत मुलांना एखाद्या दिवशी शेतात किंवा टेकडीवर नेले जाते, आणि नेमकी त्या दिवशी शिक्षकांना वचनाची घाई होते. मुलांनी वारूळ नीट पाहिलेलेही नसते, तोच नीतिसूत्रांच्या 6व्या अध्यायातील मुंगी पाठ करून घेतली जाते. आधी दहा मिनिटे मुलांना शांतपणे पाहू द्यावे, त्यांचे प्रश्न येऊ द्यावेत आणि मगच पवित्र शास्त्र उघडावे.

पेरणाऱ्याच्या दाखल्यात, म्हणजे बी वाटेवर, खडकावर आणि चांगल्या जमिनीत पडल्याच्या येशूच्या बोधकथेत (मत्तय 13), वेगळीच अडचण येते. आपल्याकडील शेतकऱ्याचे मूल तिफणीने होणारी पेरणी पाहत वाढते आणि तिफणीचे बी थेट तासात पडते. त्यामुळे ‘हा माणूस वाटेवर, खडकावर बी टाकतोच कशाला?’ असे त्याने विचारले, तर तो उद्धटपणा समजून त्याला गप्प करू नये, कारण प्रश्न अगदी रास्त आहे. प्रभू येशूच्या काळी गालीलात बी मुठीने फोकून पेरत असत, हे सांगावे. कोकणातल्या मुलांना भाताच्या रोपवाटिकेवरून ते लगेच कळते. इतरांच्या हाती मूठभर मेथीदाणे द्यावेत, पायवाटेलगतच्या वाफ्यात फोकायला सांगावे आणि किती दाणे वाटेवर पडले ते त्यांनाच मोजू द्यावे.

येशूने मोहरीच्या दाण्याएवढ्या विश्वासाबद्दल सांगितले, आणि त्या दाण्याचे झाड होऊन पाखरे त्यात राहतात असा दाखलाही दिला; त्यासाठी मुलांकडून मोहरी पेरून घेण्याचा उपक्रम सर्वांत जास्त फसतो. मोहरी हे रब्बीचे पीक; मे महिन्याच्या उन्हात उघड्या कुंडीत पेरली तर कोंब आले तरी करपतात. अशा वेळी ‘विश्वास कमी पडला’ असे गमतीनेही म्हणू नये. मूल ते खरे मानते. कुंडी सावलीत ठेवावी, माती ओलसर राखावी आणि तरीही रोप वाळले, तर पाणी कमी पडले किंवा ऊन जास्त झाले असे सरळ सांगावे. शिवाय आपली मोहरी पाहून ‘यात पाखरे घरटे कशी बांधतील?’ असे कोणी विचारलेच, तर गालीलातील काळी मोहरी माणसाच्या डोक्यावरून उंच वाढते, हे माहीत असलेले बरे.

पाऊस म्हणजे देवाचे बक्षीस आणि दुष्काळ म्हणजे शिक्षा, हे समीकरण तर मुळीच मांडू नये. मराठवाड्यातील ज्या मुलाच्या घरचे पीक गेले आहे, त्याने यातून काय समजावे? मत्तय 5:45 मध्ये देव नीतिमानांवर आणि अनीतिमानांवरही पाऊस पाडतो असे म्हटले आहे, आणि शिक्षकाने त्याच्या पुढे जाऊ नये.

निर्माता आणि निर्मिती यांतील भेद शिकवताना शेजारच्या घरी होणाऱ्या वडाच्या पूजेची टिंगल करण्याचा मोह काहींना होतो. मुलांची निम्मी मित्रमंडळी त्याच घरांतली असते. त्यापेक्षा उत्पत्ती 2:15 वाचावे, जिथे माणसाला बागेची मशागत आणि राखण करण्यास ठेवले आहे. आणि तो पाठ शिकवणाऱ्याने वहीत चिकटवण्यासाठी मुलांकडून फुले ओरबाडून घेऊ नयेत, खाऊची वेष्टने टेकडीवर सोडू नयेत. सहल सकाळी नऊच्या आत आटोपावी, पाणी भरपूर न्यावे आणि उंच गवतात मुलांना अनवाणी सोडू नये.