फोकस स्टॅक बिघडला? आधी सुट्या फ्रेम्स तपासा

फोकस स्टॅक म्हणजे फोकस थोडा थोडा सरकवत घेतलेल्या अनेक फोटोंचे (फ्रेम्सचे) शार्प भाग जोडून केलेलं एक चित्र. त्यात कडांभोवती धूसर वलय, मधेच एखादा मऊ पट्टा, मागच्या भागात ठिपक्यांची रांग असं काही दिसलं की बहुतेक जण लगेच ब्लेंडिंगची (फ्रेम्स एकत्र मिसळण्याची) पद्धत बदलून बघतात. त्याआधी बिघडलेली जागा १०० टक्के झूमवर पकडा आणि तीच जागा सुट्या फ्रेम्समध्ये एकेक करून पाहा. ती कुठल्याच फ्रेममध्ये शार्प नसेल, तर चूक बहुतेक शूटिंगमधली आहे. एखाद्या फ्रेममध्ये शार्प असूनही स्टॅकमध्ये बिघडली असेल, तर गडबड अलाइनमेंटमध्ये (फ्रेम्स एकमेकींवर नीट बसवण्यात) किंवा ब्लेंडिंगमध्ये झाली आहे. फ्रेम्सचा उजेड किंवा रंगच एकमेकींशी जुळत नसेल, तर रॉ डेव्हलपिंगकडे, म्हणजे कॅमेऱ्याच्या कच्च्या (रॉ) फाइलवरच्या पहिल्या संस्काराकडे वळा. निम्मी डोकेदुखी तिथूनच सुरू होते.

लाइटरूम किंवा कॅमेरा रॉमध्ये मधली एक फ्रेम आधी नीट करा आणि मग तिच्या सेटिंग्ज बाकी सगळ्यांना सिंक करा. व्हाइट बॅलन्स ‘ॲज शॉट’ ठेवून सिंक केलात तर काहीच साधत नाही: कॅमेरा ऑटोवर असेल तर प्रत्येक फाइलमध्ये नोंदलेला आकडा वेगळा असतो आणि तो तसाच राहतो. टेम्परेचर आणि टिंट हे आकडे स्वतः टाका, मगच सिंक करा. ‘ऑटो’ टोनचं बटण फ्रेमगणिक दाबू नका. हायलाइट्स आणि शॅडोज हे स्लायडर चित्रात काय आहे ते बघून काम करतात, त्यामुळे आकडा सारखा असला तरी परिणाम थोडा बदलू शकतो. ते शून्यावर ठेवा, क्लॅरिटी आणि डीहेझही तसेच; स्टॅक झाल्यावर हवे तेवढे वापरा. लेन्स करेक्शन सगळ्या फ्रेम्सना सारखंच असू द्या, आणि ऑटो अपराइट (तिरप्या रेषा सरळ करणारी सोय) बंद ठेवा, कारण ते प्रत्येक फ्रेम वेगळी वाकवतं. शार्पनिंगही शून्य. फ्रेम्स स्टॅक करणाऱ्या प्रोग्राम्सपैकी झेरीन स्टॅकर रॉ फाइल वाचत नाही, त्याला १६ बिट टिफ द्या. हेलिकॉन फोकस रॉ थेट उघडतं.

मऊ पट्टे दिसत असतील तर दोन फ्रेम्समधलं फोकसचं अंतर जास्त पडलं आहे. हे कुठल्याही सॉफ्टवेअरमध्ये दुरुस्त होत नाही, पुन्हा शूट करावं लागतं. शेजारच्या दोन फ्रेम्सचे शार्प भाग २० ते ३० टक्के एकमेकांवर येतील असं बघा. लेन्सचं छिद्र (ॲपर्चर) फार लहान करून पट्टे टाळायला जाऊ नका: साध्या लेन्सवर १:१ मॅग्निफिकेशनला (वस्तू सेन्सरवर तिच्याच आकाराची पडते तेव्हा) एफ/८ प्रत्यक्षात एफ/१६च्या जवळ जातं, आणि डिफ्रॅक्शनमुळे (लहान छिद्रातून जाताना प्रकाश पसरल्यामुळे) सगळंच चित्र मऊ पडतं.

वलयाचं कारण समजून घेण्यासारखं आहे. माशीच्या डोळ्यावर पुढे आलेला एक केस घ्या. फोकस मागच्या डोळ्यावर गेला की तो केस धूसर होऊन पसरतो आणि आपल्या दोन्ही बाजूंचा डोळ्याचा भाग झाकतो. त्या पट्टीतला डोळा स्वच्छ दिसेल अशी फ्रेमच नसते, म्हणून सॉफ्टवेअर धूसर केसाचाच तुकडा उचलतं. अशा आडव्यातिडव्या केसांसाठी बारकाव्यांच्या वेगवेगळ्या पातळ्यांवर फ्रेम्स मिसळणारी पिरॅमिड पद्धत वापरा, म्हणजे हेलिकॉनमधली ‘सी’ किंवा झेरीनमधली पीमॅक्स. या पद्धती नॉइजलाही बारकावा समजतात, त्यामुळे सपाट भाग खरखरीत होतात. तिथे डेप्थ मॅप, म्हणजे प्रत्येक जागेसाठी सर्वांत शार्प फ्रेम निवडणारी पद्धत, सरस: हेलिकॉनमध्ये ‘बी’, झेरीनमध्ये डीमॅप. त्यासाठी फ्रेम्स जवळून दूर किंवा दुरून जवळ अशा सलग क्रमानेच लागतात. दोन्ही पद्धतींनी चित्रं तयार करा, डेप्थ मॅपचं चित्र पायाला ठेवा आणि केसांचा भाग पिरॅमिडच्या चित्रातून रिटचिंग ब्रशने भरा. आमच्या मते कठीण स्टॅकला याहून खात्रीचा मार्ग नाही.

फोटोशॉपमध्ये सगळ्या फ्रेम्स लेयर म्हणून उघडा, ‘ऑटो-अलाइन लेयर्स’ चालवा आणि फाइलची एक प्रत इथेच सेव्ह करा. मग ‘ऑटो-ब्लेंड लेयर्स’मध्ये ‘स्टॅक इमेजेस’ निवडा. एखादा तुकडा चुकला तर अलाइन केलेल्या प्रतीतून योग्य लेयर आणून सगळ्यात वर ठेवा, तिला काळा मास्क (लेयर झाकणारा पडदा) लावा आणि तेवढ्याच जागी पांढऱ्या ब्रशने रंगवा. काठाला ताणलेल्या रेघा दिसल्या तर काळजी नको. फोकस बदलताना चित्राचा आकार किंचित बदलतो, अलाइनमेंट तो जुळवून घेते आणि काठ उरतो. तो क्रॉप करा. शूटिंगच्या वेळीच चौकट थोडी सैल ठेवलेली बरी.

ठिपक्यांची रांग ही सेन्सरवरच्या एकाच धूलिकणाची असते. तो सेन्सरवर जागचा हलत नाही, पण प्रत्येक फ्रेम वेगळ्या प्रमाणात ताणली जाते म्हणून त्याची माळ होते. स्टॅकनंतर पुसत बसण्यापेक्षा रॉमध्येच स्पॉट काढून सिंक करा.

मधेच प्रोग्राम बंद पडतो का? २४ मेगापिक्सेलची १६ बिट लेयर सुमारे १४४ एमबीची होते, ५० लेयर्स म्हणजे ७ जीबीच्या वर, आणि मास्क वेगळेच. दहा-दहा फ्रेम्सचे गट करा, शेजारच्या गटांत दोन-तीन फ्रेम्स सामायिक ठेवा आणि तयार झालेले तुकडे पुन्हा एकत्र स्टॅक करा. पीएसडीला २ जीबीची आणि टिफला ४ जीबीची मर्यादा आहे. फाइल त्यापुढे गेली तर पीएसबीमध्ये (फोटोशॉपचा मोठ्या फाइल्ससाठीचा प्रकार) सेव्ह करा.