कोरल मिटून बसलंय? बाटली उघडायच्या आधी हे बघा

घरच्या खाऱ्या पाण्याच्या टाकीतलं कोरल (प्रवाळ) उघडेना झालं की पहिला हात जातो तो औषधाच्या बाटलीकडं, आयोडीन टाक, कॅल्शियम टाक, कुणी सांगितलं म्हणून अजून काहीतरी टाक. थांबा की जरा. एकावेळी चार गोष्टी बदलल्या तर कशानं बिघडलं आणि कशानं सुधारलं काहीच कळत नाही.

मी सॉफ्ट कोरलचंच सांगतोय, म्हणजे झोआ, मशरूम, लेदर ही मंडळी. दगडी कोरल आपल्याकडं १९७२ च्या वन्यजीव कायद्याच्या अनुसूची १ मध्ये येतात, वाघाच्या पंगतीला, त्यामुळं कुणी स्वस्तात देतोय म्हणून घेऊन बसू नका.

पहिलं टेम्परेचर. २४ ते २६ डिग्री पाहिजे, आणि सांगलीत एप्रिल-मेमध्ये बाहेर चाळिशी गाठली की बंद खोलीतली टाकी ३० च्या वर सहज जाते. कोरलच्या अंगात बारीक शेवाळ राहतं, त्याचा रंग आणि बरंचसं अन्न त्याच्याकडूनच येतं, उष्णता वाढली की ते बाहेर पडतं आणि कोरल पांढरं व्हायला लागतं. पांढरं झालं म्हणून काढून टाकू नका, मांस शाबूत असेल तर रंग परत येतो, महिने लागतात एवढंच. लाइट कमी करा आणि पाण्याच्या पृष्ठभागावर तिरका पंखा लावा, दोन-तीन डिग्री उतरतं. पावसाळ्यात हवाच दमट असती तेव्हा पंख्याचा फार उपयोग होत नाही. लईच तापलं तर गोठवलेली पाण्याची बंद बाटली सोडायची, पण हळूहळू, एकदम गार केलं तर तो वेगळाच झटका.

पंखा लावला की पाणी उडतं आणि मीठ टाकीतच राहतं, हे विसरलं की खारटपणा वाढत जातो. रोज साधं आरओचं पाणी भरायचं, मिठाचं नाही. खारटपणाचं रीडिंग (पाण्याची सापेक्ष घनता) १.०२५ ते १.०२६ पाहिजे, आणि रिफ्रॅक्टोमीटर (खारटपणा मोजायचं यंत्र) ३५ पीपीटीच्या, म्हणजे हजारात ३५ भाग मिठाच्या, द्रावणानं जुळवून घ्या, काट्याच्या प्लास्टिक डबीवर माझा तरी भरवसा नाही.

आता आरओ. किचनमधल्या मशीनमध्ये चवीसाठी थोडं कच्चं पाणी मिसळायची सोय असती, त्यामुळं टीडीएस (पाण्यात विरघळलेले क्षार) ५०-१०० दाखवतंय तरी लोक बिनधास्त वापरतात. बोअरचं पाणी असेल तर नायट्रेट, सिलिका थोडं थोडं येतच राहतं, मग काचेवर तपकिरी थर आणि कोरल रुसलेलं. पुढं डीआय रेझिनची (उरलेले क्षार शोषून घेणारी) नळी जोडा, टीडीएस शून्य आला पाहिजे.

एवढं सगळं बरोबर असून लेदर मिटलंय? जवळ जाऊन बघा. अंगावर मेणासारखी चकचकीत पातळ साय दिसत असेल तर ते कात टाकतंय. आठवडा-दोन आठवडे एकही बोंड (पॉलिप) बाहेर काढत नाही, बघणाऱ्याला वाटतं गेलं. हात लावून सोलू नका, वेव्हमेकरचं (टाकीत पाणी फिरवणाऱ्या पंपाचं) तोंड जरा त्याच्याकडं वळवा, प्रवाहानं साय आपोआप निघून जाती. बुडातून काळं पडून घाण वास यायला लागला तर मात्र सडका भाग ब्लेडनं कापून टाका आणि टाकीत ताजा कार्बन (पाणी साफ करायचा कोळसा) ठेवा.

झोआ मिटलेत तर रात्री टॉर्च घेऊन बसा. त्यांना खाणारी बारीक गोगलगाय अगदी झोआच्याच रंगाची असती, दिवसा दिसतच नाही. चिमट्यानं काढा, कोरल डिपमध्ये (कीड मारायच्या द्रावणात) बुडवा, पण अंडी डिपनं मरत नाहीत, म्हणून आठवड्यानं परत.

केएच (पाण्याची अल्कलिनिटी) ८ ते ९ च्या आसपास ठेवा, कमी असलं तरी दिवसाला १ पेक्षा जास्त वाढवू नका.

लाइट गेली की इन्व्हर्टरवर पहिला वेव्हमेकर घ्या, टाकीचा लाइट नको. कोरल दोन-तीन दिवस अंधारात काढतं, पण पाणी थांबलं की ऑक्सिजन संपतो. २०१९ च्या पुरानंतर तरी बॅटरीवरचा एअर पंप घरात असलाच पाहिजे.

आणि झोआचा दगड उकळत्या पाण्यात टाकून किंवा कोरडा घासून कधी साफ करू नका. काही झोआंत पॅलिटॉक्सिन नावाचं जहाल विष असतं, वाफेतून छातीत जातं. हातमोजे, चष्मा घालूनच कापा, आणि नंतर श्वास लागला किंवा डोळे चुरचुरले तर सरळ दवाखाना गाठा, डॉक्टरला कोरलचं नाव सांगा.