व्हिसा ऑन अरायव्हल : निघण्यापूर्वीची तयारी

एखाद्या देशात उतरल्यावर मिळणाऱ्या व्हिसाच्या नावातील ‘ऑन अरायव्हल’ या शब्दांमुळे सगळे काम तिकडे उतरल्यावरच करायचे असते असा समज होतो. प्रत्यक्षात पहिली तपासणी निघण्याच्या विमानतळावर, चेक-इनच्या काउंटरवरच होते. प्रवेश नाकारलेल्या प्रवाशाला परत नेण्याची जबाबदारी विमान कंपनीवर येत असल्यामुळे तिथला कर्मचारी ‘टिमॅटिक’ या नियमसंग्रहात प्रवाशाचे नागरिकत्व आणि उतरण्याचा देश पाहून कागद तपासतो, आणि ते अपुरे वाटल्यास बोर्डिंग पास देत नाही. त्यामुळे तयारी करावी ती या काउंटरसाठी.

सर्वांत आधी, आपल्या पासपोर्टवर ही सोय मिळते का, हे त्या देशाच्या सरकारी संकेतस्थळावर पाहावे. येथे आपण राहतो कुठे यापेक्षा पासपोर्ट कोणत्या देशाचा, याला महत्त्व असते. ही सोय ठरावीक विमानतळांवर आणि ठरावीक सीमानाक्यांवरच असते, तेव्हा रस्त्याने जाणाऱ्यांनी आपला नाका त्या यादीत आहे याची खात्री करून घ्यावी. नियम बदलत राहतात. तिकीट काढताना पाहिलेली माहिती निघण्याच्या आठवड्यात पुन्हा पाहावी. ऑनलाइन अर्जाचा पर्याय असेल तर तोच निवडावा, असे माझे मत आहे. उतरल्यावरच्या व्हिसालाही काही वेळा आधी अर्ज भरावा लागतो : मालदीव 30 दिवसांचा व्हिसा विनाशुल्क देते, पण प्रवासापूर्वीच्या 96 तासांत ऑनलाइन माहिती भरावी लागते.

पासपोर्टची मुदत उतरण्याच्या तारखेपासून किमान सहा महिने शिल्लक असावी आणि त्यात कोरी पाने असावीत. कंबोडियाच्या व्हिसाचा स्टिकर एक पूर्ण पान व्यापतो. फोटोच्या पानाखाली प्रत्येकी 44 अक्षरांच्या दोन ओळी असतात, त्या यंत्राला वाचता आल्या पाहिजेत. ते पान भिजलेले किंवा उसवलेले असेल तर प्रवासाआधीच नवा पासपोर्ट काढावा.

शुल्क रोख ठेवावे. नेपाळमध्ये ज्यांना व्हिसा लागतो त्यांना 15 दिवसांसाठी 30, 30 दिवसांसाठी 50 आणि 90 दिवसांसाठी 125 डॉलर पडतात. इंडोनेशियात 30 दिवसांच्या व्हिसाला 5 लाख रुपिया लागतात. कार्डाचे यंत्र असेलही, पण ते नेमके त्या दिवशी बंद असू शकते, आणि एटीएम पुष्कळदा इमिग्रेशनच्या पलीकडे असते. डॉलरच्या नोटा घेतानाच एकेक नोट उजेडात धरून पाहावी : कडेला बारीक चीर, पेनाची खूण किंवा शिक्का असेल तर ती तिथेच बदलून घ्यावी, कारण व्हिसाच्या काउंटरवर अशी नोट सहज परत केली जाते. नेमकी रक्कम सुटी असावी.

परतीचे किंवा पुढच्या प्रवासाचे तिकीट, हॉटेलचे आरक्षण आणि पत्ता, पांढऱ्या पार्श्वभूमीचे दोन-तीन फोटो आणि एक चालू पेन हातातल्या बॅगेत, छापील स्वरूपात ठेवावे. सामानाचा पट्टा इमिग्रेशन ओलांडल्यावर येतो. मोठ्या बॅगेत टाकलेले फोटो भिंतीपलीकडे फिरत असतात आणि आपण अलीकडे रांगेत उभे असतो.

मध्ये विमान बदलायचे असेल आणि दोन तिकिटे वेगवेगळी काढली असतील, तर सामान घेऊन पुन्हा चेक-इन करण्यासाठी त्या मधल्या देशात प्रवेश करावा लागू शकतो. तिथला व्हिसा वेगळा पाहावा.

मुक्कामाचे दिवस मोजताना उतरल्याचा दिवस धरावा. इंडोनेशियात 1 तारखेला उतरणाऱ्याचा तिसावा दिवस 30 तारखेला संपतो, आणि 30 च्या मध्यरात्रीनंतर साडेबाराला सुटणारे विमान 31 तारखेचे ठरते; तिथे जादा राहिल्यास दिवसाला 10 लाख रुपिया दंड आहे. म्हणून परतीचे तिकीट एक-दोन दिवस राखूनच काढावे, शुल्काची पावती पासपोर्टमध्ये जपावी आणि शिक्का बसल्यावर काउंटरवरून हलण्यापूर्वी त्यावरची तारीख व दिवस वाचून घ्यावेत, कारण त्यातली चूक तेव्हाच दुरुस्त करून मागणे सोपे असते.