पोर्टा घ्यायच्या आधी खोली मोजा

पहिला स्टुडिओ लाइट (स्टुडिओतल्या फ्लॅशला आपल्याकडे पोर्टा म्हणतात) घ्यायला निघालेला जवळजवळ प्रत्येक जण मला एकच विचारतो: तीनशे वॉट-सेकंदचा घेऊ, चारशेचा, की एकदाच सहाशेचा घेऊन मोकळा होऊ? माझा उलट प्रश्न असतो, खोली केवढी आहे? आणि त्याच्या पाठोपाठ दुसरा, तो लाइट कमीत कमी किती करता येतो? पहिल्याचं उत्तर मिळतं. दुसऱ्याचं सहसा मिळत नाही, कारण दुकानात ते कुणी आपणहून सांगत नाही आणि खोक्यावर मोठ्या अक्षरात असतो तो फक्त वरचा आकडा.

घरातल्या एका खोलीत, गच्चीवरच्या शेडमध्ये किंवा भाड्याच्या गाळ्यात पोर्ट्रेट सुरू करणाऱ्यांसाठी हे लिहितेय. म्हणजे दहा बाय बारा, फार तर बारा बाय पंधरा, वर साडेनऊ-दहा फुटांवर स्लॅब आणि मधोमध पंखा. माझं काम सांगलीत अशाच खोलीत सुरू झालं आणि अजूनही तिथेच चालतं. मोठ्या फ्लोअरवर शूट करणाऱ्यांचे सल्ले इथे लागू पडत नाहीत, हे समजेपर्यंत फार दिवस गेले. तुमचे जाऊ नयेत.

आधी एलईडी की फ्लॅश, हा वाद लवकर संपवू. व्हिडिओ करायचा असेल तर एलईडी घ्या, प्रश्नच नाही. फोटोच करायचे असतील तर फ्लॅश. शंभर वॉटचा एलईडी १/१२५ सेकंदाच्या शटरला जेमतेम ०.८ ज्यूल ऊर्जा खर्च करतो. दोनशे वॉट-सेकंदचा फ्लॅश एका झपक्यात २०० ज्यूल ओततो. एलईडीची कार्यक्षमता जास्त असली तरी ही दरी भरून येत नाही. मग आयएसओ, म्हणजे कॅमेऱ्याची संवेदनशीलता, वाढवा, शटर सावकाश करा, आणि समोर दोन वर्षांचं पोर असेल तर डोळे हललेले मिळतात. फ्लॅशमध्ये उजेड कसा पडतोय ते आधी दिसत नाही, ही तक्रार खरी आहे. त्यासाठीच फ्लॅशमध्ये मॉडेलिंग लॅम्प, म्हणजे सतत जळणारा छोटा दिवा, असतो. ज्या लाइटला चांगला मॉडेलिंग लॅम्प नाही तो पहिला लाइट म्हणून घेऊ नका.

आता मुख्य सापळा. इथे सावकाश वाचा.

समजा तुम्ही गोडॉक्स कंपनीचा चारशेचा एसके-४००-टू घेतला. लाइट चांगला आहे, सर्रास दिसतो, त्याच्याबद्दल माझी तक्रार नाही. गाइड नंबर ६५. म्हणजे त्याच्याबरोबरच्या रिफ्लेक्टरसह, आयएसओ १०० ला, एक मीटरवर एफ ६५. (एफचा आकडा जेवढा लहान, तेवढं लेन्सचं छिद्र मोठं आणि मागचं जास्त धूसर.) त्याला सॉफ्टबॉक्स, म्हणजे उजेड मऊ करणारी कापडी पेटी, लावला की दोन-तीन स्टॉप कापडात जातात; एक स्टॉप कमी म्हणजे उजेड निम्मा. तीन धरा. उरला साधारण एफ २२. आता पॉवर खाली आणत जा. हा लाइट पूर्ण पॉवरच्या १/१६ च्या खाली उतरत नाही, म्हणजे हातात फक्त चार स्टॉप: १६, ११, ८, ५.६. संपलं. सॉफ्टबॉक्स चेहऱ्यापासून मीटरभर अंतरावर असताना, सगळ्यात कमी पॉवरलाही तुम्ही एफ ५.६ वर अडकलात. हौसेने घेतलेली ८५ एमएमची, एफ १.८ पर्यंत उघडणारी लेन्स त्या खोलीत पूर्ण उघडताच येत नाही.

याने काय बिघडतं? दहा बाय बाराच्या खोलीत पडदा माणसाच्या मागे तीन-चार फुटांवरच येतो, त्याहून मागे सरकवायला जागा नसते. स्थळासाठी फोटो काढायला आलेली मुलगी छान साडी नेसून बसलेली असते आणि तिच्या खांद्यामागे पडद्याची प्रत्येक चुणी, घडीची प्रत्येक रेघ स्पष्ट दिसते. एफ २ ला जे मऊ होऊन विरलं असतं ते एफ ५.६ ला ठसठशीत उमटतं. मग रात्र रात्र बसून पडदा पुसत राहायचं. मी हे भरपूर केलंय. त्यात हात दुखतो आणि फोटो तरीही खोटाच दिसतो.

इथे दुकानदार आणि व्हिडिओवाले एक सोपा उपाय सांगतात: लाइट लांब न्या. हा उपायच दुसरा सापळा आहे. लाइट लांब गेला की चेहऱ्याच्या मानाने तो लहान होतो, सावलीची कड कडक होते आणि सॉफ्टबॉक्सला घातलेले पैसे वाया जातात. शिवाय पडदा उजळतो. हिशेब करून बघा. लाइट चेहऱ्यापासून एक मीटरवर आणि पडद्यापासून दोन मीटरवर असेल, तर पडद्यावर चेहऱ्याच्या एक चतुर्थांश उजेड पडतो, पूर्ण दोन स्टॉप कमी. पडदा आपोआप गडद होतो, चुण्या बुडतात. तोच लाइट मीटरभर मागे नेला की अंतरं होतात दोन आणि तीन मीटर, आणि फरक उरतो जेमतेम सव्वा स्टॉपचा. जवळचा लाइट हीच लहान खोलीतली तुमची खरी ताकद आहे. ती वापरायची तर लाइटला खाली उतरता आलं पाहिजे.

म्हणून विकत घेताना वरचा आकडा बाजूला ठेवा आणि खालचा विचारा. गोडॉक्सचाच एमएस-३०० हा १/३२ पर्यंत जातो. वरच्याच हिशेबाने तो साधारण एफ ३.५ पर्यंत आणतो. बॅटरीवर चालणारा एडी-२०० हा दोनशेचा, पण १/१२८ पर्यंत उतरतो, म्हणजे सात स्टॉप. तोच सॉफ्टबॉक्स, तेच अंतर, आणि तुम्ही एफ १.४ ला पोचता. मॉडेल बदलत राहतील, हिशेब हाच राहील. कागदावर करा आणि मगच पैसे काढा.

मोठा लाइट आधीच घेऊन ठेवला असेल तर जीव टांगणीला लावू नका. तो विकायची गरज नाही. लेन्सवर तीन स्टॉपचा एनडी फिल्टर, म्हणजे उजेड कमी करणारी गडद काच, लावला की एफ ५.६ चं एफ २ होतं. फोकस थोडा अडखळतो, तेव्हा मॉडेलिंग लॅम्प चालू ठेवा. किंवा सॉफ्टबॉक्सच्या आतल्या कापडाच्या जोडीला आणखी एक पांढरं कापड लावा. स्टॉपभर उतरतो आणि उजेडही जास्त मऊ होतो. आणि पुढे चार पिढ्यांचा कुटुंबाचा फोटो एफ ८ ला काढायची वेळ आली की तोच चारशेचा लाइट उपयोगी पडतो.

उघड्या ॲपर्चरला, म्हणजे लेन्सचं छिद्र मोठं असताना, आणखी एक गोष्ट सांभाळा. ट्रिगर, म्हणजे कॅमेऱ्यावरून फ्लॅश उडवणारं यंत्र, बंद करून एक फोटो काढा. तो काळा आला पाहिजे. एफ ५.६ ला आयएसओ १०० आणि १/१२५ असताना खोलीतली ट्यूब चालू असली तरी काळाच येतो. एफ २ ला येत नाही, ट्यूबचा उजेड चेहऱ्याच्या सावलीत हिरवट मिसळतो. तेव्हा ट्यूब बंद, खिडकीला जाड पडदा. शटर १/१६० च्या पुढे नेऊ नका, स्वस्त ट्रिगर कधी कधी १/२०० लाही फोटोच्या कडेला काळी पट्टी देतात. हायस्पीड सिंक, म्हणजे याहून वेगाच्या शटरला फ्लॅश चालवायची सोय, बाहेरच्या उन्हासाठी ठेवा. पहिला लाइट निवडताना त्याच्यासाठी जादा पैसे मोजू नका.

भिंतींबद्दल कुणीच बोलत नाही. आपल्या घरांच्या भिंती पिस्ता, आकाशी, नाहीतर फिकट गुलाबी. लहान खोलीत फ्लॅश त्या भिंतीवर आपटतो आणि तिचा रंग घेऊन गालाच्या सावलीत येतो. उजेडातला गाल बरोबर, सावलीतला गाल आजारी. व्हाइट बॅलन्सने, म्हणजे कॅमेऱ्यातल्या रंगाच्या सेटिंगने, हे सुटत नाही, कारण एका बाजूला बरोबर केलं की दुसरी बिघडते. फ्लेक्स छापणाऱ्याकडून सनबोर्डच्या (हलक्या, कडक पांढऱ्या फोमच्या) दोन मोठ्या शीट आणा, एका बाजूला काळं कापड चिकटवा. पांढरी बाजू आत केली की रिफ्लेक्टर, काळी केली की भिंत गायब. मी सांगितलेल्या सगळ्या वस्तूंत सर्वांत कमी पैशात सर्वांत जास्त फरक यानेच पडतो.

कॉम्बो किट घेऊ नका. दोन पोर्टा, दोन छत्र्या, दोन स्टँड, एक बॅग. ती जोडी पासपोर्टच्या फोटोसाठी ठीक आहे, दोन्ही बाजूंनी सारखा उजेड हेच तिथलं काम. पोर्ट्रेटला तो चेहरा सपाट करतो आणि नाकाच्या दोन्ही बाजूंना एकेक सावली देतो. त्याच पैशात एक चांगला लाइट, एक मोठा ऑक्टा, म्हणजे आठ बाजूंचा सॉफ्टबॉक्स (९५ सेंटिमीटरचा पुरतो, १२० चा पंख्याला अडतो) आणि एक भक्कम स्टँड येतो. स्टँडवर कंजुषी करू नका. त्याच्या पायावर वाळूची पिशवी ठेवल्याशिवाय लहान मुलांना खोलीत घेऊ नका, हे मी अगदी कडक शब्दांत सांगते.

माउंट, म्हणजे लाइटला सॉफ्टबॉक्स अडकवायची कडी, बोवेन्सचाच घ्या. बोवेन्स ही ब्रिटिश कंपनी २०१७ मध्ये बंद पडली, पण तिचं माउंट इतक्या जणांनी उचललं की आज सॉफ्टबॉक्स, ग्रिड (उजेड पसरू न देणारी जाळी), ब्यूटी डिश (पसरट ताटलीसारखा रिफ्लेक्टर) सगळं त्यात मिळतं. एडी-२०० ला त्यासाठी वेगळा ब्रॅकेट लागतो, तो धरून हिशेब करा. मुंबईला जाणं होणार असेल तर फोर्टातल्या बोरा बाजारात दोन-तीन दुकानं फिरून लाइट हातात घेऊन बघा. ऑनलाइन फोटोत सॉफ्टबॉक्सची शिलाई दिसत नाही.

शिकण्याबद्दल माझं मत ठाम आहे आणि ते सगळ्यांना पटत नाही. रविवारच्या वर्कशॉपमध्ये लाइट आधीच लावलेले असतात, मॉडेल सुंदर असते, वीस जण एकामागोमाग तोच फोटो काढतात. घरी येताना छान फोटो असतात आणि सोमवारी आपल्या खोलीत काहीच जमत नाही. कुणाची सेटिंगची वही मागूनही काही होत नाही. त्याची ‘एफ ८, पॉवर १/४’ ही त्याच्या भिंतींची, त्याच्या अंतराची आहे. मला जे आलं ते एका पासपोर्ट फोटोवाल्या काकांकडून. ते कॅमेरा हातात द्यायचेच नाहीत. मॉडेलिंग लॅम्प लावायचे, स्टुलावर कुणालातरी बसवायचे आणि विचारायचे, नाकाची सावली कुठे पडली? ओठाला टेकली का? मग स्टँड वीतभर सरकवायला लावायचे आणि पुन्हा तोच प्रश्न. कंटाळा यायचा. पण चष्म्यातली चमक काढायला मी त्यांच्याकडेच शिकले: लाइट थोडा वर घ्या, हनुवटी किंचित खाली, आणि चष्म्याच्या काड्या कानावरून जराशा उचला म्हणजे काचा खाली झुकतात. लाइटचं प्रतिबिंब जमिनीकडे जातं, डोळे मोकळे होतात. आजोबांच्या फोटोत ही एवढी गोष्ट केली की घरचे लोक फोटो हातातून खाली ठेवत नाहीत. असा जुना माणूस तुमच्या गावात नक्की आहे. त्याच्याकडे जा, स्टँड उचला, पडदे गुंडाळा.

जुने लाइट घ्यायचा मोह होईल, कारण बंद पडलेल्या स्टुडिओंतून ते अगदी स्वस्तात मिळतात. लाइटमधली फ्लॅश ट्यूब पिवळी पडली असेल तर रंग पिवळट येतो. फार जुन्या पोर्टाला सिंक केबल, म्हणजे फ्लॅश कॅमेऱ्याला जोडणारी वायर, जोडून ती डिजिटल कॅमेऱ्यात खुपसू नका, त्यातला व्होल्टेज कॅमेरा जाळू शकतो; मध्ये रेडिओ ट्रिगर असू द्या. आणि कितीही किरकोळ बिघाड वाटला तरी लाइट स्वतः उघडू नका. वायर काढून ठेवली तरी आतल्या कपॅसिटरमध्ये चार्ज राहतो आणि तो जीव घेऊ शकतो. यात धाडस करायचं नाही. तीन पिनांचा प्लग, अर्थिंग असलेला सॉकेट, एवढं इलेक्ट्रिशियनकडून एकदा तपासून घ्या.

हे सगळं वाचून पैसे कसे जमवू असं वाटत असेल, तर थांबा. कॅमेऱ्यावर लावायचा फ्लॅश तुमच्याकडे बहुधा असेलच. चांगला असेल तर तो साठ-सत्तर वॉट-सेकंदचा असतो आणि १/१२८ पर्यंत उतरतो. तो स्टँडवर घ्या, पांढरी छत्री लावा, चेहऱ्यापासून मीटरभर अंतरावर ठेवा. एका माणसाच्या पोर्ट्रेटला दहा बाय बाराच्या खोलीत तो पुरतो. मॉडेलिंग लॅम्प नाही, रिसायकल, म्हणजे पुढच्या झपक्यासाठी चार्ज होणं, हळू आहे, पण पहिली कामं होतात. ज्यांचे फोटो काढाल त्यांना लाइटची किंमत दिसत नाही.

दुसरा लाइट घ्यायची वेळ कधी आली हे फोटोच सांगतो: काळे केस गडद पडद्यात मिसळून डोक्याची कड नाहीशी होते. आधी पांढरा सनबोर्ड मागच्या बाजूने आणून बघा. त्याने भागलं नाही तर तोच कॅमेऱ्यावरचा जुना फ्लॅश माणसाच्या मागे, बाजूला, डोक्याच्या वर ठेवा. मुख्य लाइटपेक्षा स्टॉपभर कमी, आणि त्याला ग्रिड हवीच, नाहीतर उजेड थेट लेन्समध्ये शिरून सगळा फोटो पांढुरका होतो. ग्रिड नसेल तर काळ्या कार्डशीटची नळी करून फ्लॅशवर चढवा. केसांपुरता उजेड पडतो.