एकाच वेळी चार-पाच आजार सांभाळणारे ज्येष्ठ: या चुका टाळा

मधुमेह, रक्तदाब, गुडघेदुखी, थायरॉइड आणि जोडीला तुटक झोप. सत्तरीपुढच्या माणसाच्या फाइलमध्ये एवढी यादी आता नेहमीचीच झाली आहे. स्कॉटलंडमधल्या साडेसतरा लाख लोकांच्या नोंदी तपासणारा एक मोठा अभ्यास २०१२ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात ६५ वर्षांपर्यंत पोहोचलेल्यांपैकी बहुतेकांना दोन किंवा त्याहून जास्त जुनाट आजार होते. गरीब वस्त्यांमध्ये तर ही वेळ १०-१५ वर्षं आधीच येत होती. तरीही तपासणी, औषधं, पथ्य आणि घरच्यांच्या सूचना असं सगळं एका वेळी एका आजाराच्या हिशेबाने चालतं. रुग्णाला मात्र ते सगळे एकाच शरीरात आणि एकाच दिवसात बसवावे लागतात. पुढच्या जवळजवळ सगळ्या चुका इथूनच सुरू होतात.

गोळीच्या त्रासाला नवा आजार समजणं

ही चूक मी पहिली घेतो, कारण ती सर्वांत जास्त दिसते आणि सर्वांत कमी ओळखली जाते. रक्तदाबासाठी अॅम्लोडिपिन सुरू होतं. काही आठवड्यांनी घोटे सुजतात. सूज या औषधाचा ठाऊक असलेला परिणाम आहे, पण ती नवी तक्रार म्हणून दुसऱ्या डॉक्टरांसमोर जाते आणि लघवी वाढवणारी गोळी मिळते. अॅम्लोडिपिनच्या सुजेवर तिचा फारसा उपयोग होत नाही. रात्री तीनदा उठावं लागतं ते वेगळंच, आणि अंधारात उठलेला माणूस पडतो. काहींचं युरिक अॅसिड वाढून अंगठा ठणकायला लागतो, मग वेदनाशामक येतं. वेदनाशामकाने रक्तदाब चढतो आणि रक्तदाबाचा डोस वाढवला जातो. फिरून सगळं पहिल्या गोळीपाशीच.

रोशॉन आणि गर्विट्झ या डॉक्टरांनी १९९० च्या दशकातच या साखळीचं वर्णन करून ठेवलं आहे. तिची छोटी रूपंही घरोघरी दिसतात: रक्तदाबाच्या रामिप्रिल किंवा एनालाप्रिल या गोळ्यांमुळे येणाऱ्या कोरड्या खोकल्यावर बाटल्यांमागून बाटल्या खोकल्याचं औषध, सर्दीच्या गोळीने आलेल्या बद्धकोष्ठतेवर रेचक.

काय करायचं? नवी तक्रार आली की आधी तारखा जुळवा. गेल्या दोन-तीन महिन्यांत कोणती गोळी नवी आली, कुठल्या गोळीचा डोस बदलला? मग डॉक्टरांना सरळ विचारा, "हा एखाद्या औषधाचा परिणाम असू शकतो का?" या प्रश्नाचा राग येणारे डॉक्टर मला तरी फार कमी भेटले. पण शंका आली म्हणून गोळी स्वतःच्या मनाने बंद करू नका. हृदयाचा वेग कमी करणारी बीटा ब्लॉकर औषधं, स्टेरॉइड आणि रोजची झोपेची गोळी एकदम तोडली तर त्रास वाढतो, कधी धोकाही होतो.

"ऐकतच नाहीत" असा शिक्का मारणं

२००५ मध्ये अमेरिकेतल्या डॉ. सिंथिया बॉइड आणि सहकाऱ्यांनी एक कागदी प्रयोग केला. ७९ वर्षांची एक काल्पनिक स्त्री घेतली. तिला मधुमेह, उच्च रक्तदाब, ठिसूळ हाडं, सांधेदुखी आणि फुप्फुसांचा जुनाट आजार आहे असं धरलं, आणि प्रत्येक आजाराची अधिकृत मार्गदर्शक तत्त्वं तंतोतंत लावून पाहिली. हिशेब आला १२ औषधांचा, दिवसाला १९ डोसांचा. शिवाय व्यायाम, आहार, पायांची तपासणी आणि वेगवेगळ्या डॉक्टरांच्या फेऱ्या. एकेक सूचना बरोबरच होती, पण सगळ्या मिळून पाळायच्या म्हणजे पूर्ण वेळाची नोकरी. तीही सुट्टी नसलेली.

म्हणून आजोबांनी दुपारची गोळी चुकवली की लगेच हट्टीपणाचा शिक्का मारू नका. आधी त्यांचा दिवस कागदावर मांडा: उठल्यापासून झोपेपर्यंत आजारपणासाठी काय काय करावं लागतं. हा कागद पुढच्या भेटीत डॉक्टरांपुढे ठेवा आणि विचारा, की वेळा एकत्र करता येतील का, तीनदाच्या गोळीऐवजी दिवसातून एकदाची मिळेल का, कोणती गोळी आता लागतच नाही. काही गोळ्या खरोखर वेगळ्याच घ्याव्या लागतात. थायरॉइडची गोळी आणि कॅल्शियम किंवा लोहाची गोळी यांत साधारण चार तासांचं अंतर लागतं, नाहीतर थायरॉइडचं औषध नीट शोषलं जात नाही. गिळायला त्रास होतो म्हणून गोळ्या कुटून देण्याआधी औषध दुकानदाराला विचारा. हळूहळू विरघळणारी गोळी कुटली, की दिवसभराचा डोस एकदम अंगात जातो.

तरुणांचे आकडे म्हाताऱ्यांना लावणं

साखर जितकी कमी तितकी चांगली, हा समज फार चिवट आहे. अमेरिकन डायबेटिस असोसिएशन धडधाकट ज्येष्ठांसाठी तीन महिन्यांची सरासरी साखर, म्हणजे एचबीए१सी, ७ ते ७.५ च्या आत ठेवायला सांगते. अनेक आजार असतील तर तीच संस्था ८ पर्यंत सूट देते. कारण या वयात साखर एकदम उतरणं जास्त घातक: चक्कर, पडणं, गोंधळ. बीटा ब्लॉकर चालू असेल तर साखर उतरल्याची धडधड आणि थरथर जाणवतच नाही. घाम मात्र येतो. कारण नसताना घाम फुटला, तर साखर मोजा.

रक्तदाबाचंही तसंच. बसून मोजलेला आकडा सुंदर असतो आणि उभं राहिलं की डोळ्यांपुढे अंधारी येते. पाच मिनिटं आडवं राहून एकदा आणि उभं राहिल्यावर तीन मिनिटांच्या आत पुन्हा मोजा. वरचा आकडा २० ने किंवा खालचा १० ने घसरला, तर ती नोंद डॉक्टरांना दाखवाच.

"वय झालं, असं व्हायचंच"

हे वाक्य घरचे म्हणतात, कधी डॉक्टर म्हणतात, आणि सर्वांत जास्त वेळा म्हातारी माणसं स्वतः म्हणतात. दुखणं अंगावर काढायची सवयच असते. त्यामागे भीतीही असते: आणखी एक तक्रार सांगितली तर आणखी एक तपासणी, आणखी एक गोळी, मुलांना आणखी एक खेप. ही भीती अगदीच चुकीची नसल्यामुळे "काही होत नाही, सांग" एवढ्याने ती जात नाही.

बदल हळू झाला की एकाएकी, हे पाहणं उपयोगी पडतं. काल नीट बोलणारा माणूस आज असंबद्ध बोलू लागला तर ते वय नव्हे. संसर्ग, अंगातलं पाणी कमी होणं, सोडियम घसरणं, नवी गोळी, यांपैकी काहीही असू शकतं. त्याच दिवशी दाखवा. हृदयविकाराचा झटकाही या वयात, विशेषतः मधुमेह असेल तर, छातीत न दुखता येऊ शकतो. नुसती धाप, घाम किंवा विलक्षण थकवा असेल तरी थांबू नका. आणि महिनोन्‌महिने चाललेली अंगदुखी, भूक मरणं, कशात मन न लागणं, यामागे नैराश्य असू शकतं. पाच शारीरिक आजारांच्या यादीत ते सहज हरवतं.

अर्धीच यादी घेऊन डॉक्टरांकडे जाणं

"औषधं कोणती चालू आहेत?" याचं उत्तर चिठ्ठीत पूर्ण नसतं. दुकानातून आणलेली दुखीची गोळी, जुन्या पाकिटातली उरलेली स्ट्रिप, शेजाऱ्याने सुचवलेलं चूर्ण, डोळ्यांचे थेंब, सगळं एका पिशवीत भरून न्या. आयब्युप्रोफेन किंवा डायक्लोफेनॅकसारखं वेदनाशामक, रक्तदाबाची "-प्रिल" किंवा "-सार्टन" नावाची गोळी आणि लघवीची गोळी हे त्रिकूट एकत्र आलं, तर मूत्रपिंडं अडचणीत येतात. ज्यांची प्रोस्टेट वाढली आहे, त्यांची लघवी सर्दीच्या साध्या गोळीनेही तुंबू शकते. रुग्णालयातून घरी आल्यावर जुनी यादी आणि नवी यादी शेजारी ठेवून पाहा. एकच औषध दोन नावांनी दोनदा चालू असणं हा नेहमीचा घोळ आहे.

उलट्या-जुलाब सुरू झाले तर लघवीची गोळी, मधुमेहाची मेटफॉर्मिन आणि वरच्या "-प्रिल", "-सार्टन" गोळ्या चालू ठेवायच्या की थांबवायच्या, हे आजारी पडण्याआधीच विचारून लिहून ठेवा. ऐन वेळी फोन लागत नाही.

रुग्णाला सोडून मुलाशी बोलणं

तपासणीच्या खोलीत हे हमखास घडतं. ऐकू कमी येतं म्हणून डॉक्टर मुलाकडे पाहून बोलतात, मुलगा उत्तर देतो आणि ज्यांचं शरीर आहे ते पंख्याकडे बघत बसतात. मग असं होतं, की डॉक्टरांची काळजी एचबीए१सीची, मुलीची काळजी आईच्या गुडघ्यांची; आणि आईला सलत असतं वेगळंच. लघवीच्या गोळीमुळे सकाळी घराबाहेर पडता येत नाही, मैत्रिणी सुटल्या. हे कुणी विचारलंच नाही. खरं तर गोळीची वेळ दोन-चार तासांनी सरकवता येते का, एवढाच प्रश्न असतो.

ऐकण्याचं यंत्र असेल तर लावून न्या, डॉक्टरांना समोर बसून सावकाश बोलायची विनंती करा, आणि तुम्ही गप्प राहा. निघण्याआधी घरीच विचारून ठेवा, "या सगळ्यातलं एकच बरं होणार असेल, तर कोणतं?" ते उत्तर चिठ्ठीच्या पहिल्या ओळीत लिहा. वर्षातून एकदा केवळ औषधांची उजळणी करण्यासाठी वेगळी वेळ मागून घ्या, आणि त्या दिवशी नवी तक्रार काढू नका. नाहीतर वीस मिनिटं तिच्यातच जातात.